आकाशात सापडलेली ऊब

थंडेकाकांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. काम एकच: रोज सकाळी थंड डब्यात द्रवरूप हेलियम भरायचं. पत्र्याच्या कुंपणात वर तोंड करून उभं असलेलं अँटेनाचं भलंमोठं शिंग आलटूनपालटून एकदा आकाश ऐके, एकदा हा डबा. डब्याचं तापमान माहीत, म्हणून त्यावरून आकाशाचं काढायचं. विश्वाच्या सुरुवातीची, आकाशभर पसरलेली धग निवत निवत आता निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंश उरली होती.

बायको गेल्यावर कॅन्टीनमधलं "काका, आज डबा कोणी केला?" त्यांना नकोसं झालं. मग ते कुंपणाच्या आत, शिंगाला टेकून जेवू लागले. शिंगासमोर जायचं नाही हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. ते आपले बाजूला बसत.

एका सकाळी ही मोजणी करणाऱ्या शास्त्रज्ञ मॅडम आलेखाचा कागद घेऊन आल्या.

"काका, डोकं फिरायची वेळ आलीय. तीन महिने झाले, रोज साडेबाराला आकाश दोन शतांश अंशाने तापतं आणि एकला निवतं. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, हे मात्र घड्याळ लावून येतं. वर रविवारी गायब! आकाशाला कधी रविवारची सुट्टी असते?"

"नाही सापडलं तर?"

"तर सगळी मोजणी पाण्यात."

काकांनी आलेखावरची वेळ पुन्हा वाचली. साडेबारा ते एक. गप्प राहिलं तर जेवायची जागा राहील, मॅडमचे तीन महिने जातील.

"मॅडम, ते... मी असतो तिथे. जेवायला. बाजूला बसतो, समोर नाही."

 मॅडम कपाळावर हात मारून हसत सुटल्या. "अहो काका, शिंगाला कडेनेही थोडं ऐकू येतं! तुमच्या अंगाची ऊब मोजत बसलो की आम्ही! जाऊ दे, आतापर्यंतच्या मोजणीतून रोजचा तेवढा अर्धा तास गाळला की झालं."

दुसऱ्या दिवशी काका कॅन्टीनमध्ये बसले.

"काका, डबा कोणी केला?"

"मीच," ते म्हणाले आणि खाली मान घालून जेवले.

परतताना त्यांनी मॅडमच्या खोलीतल्या पडद्यावर आलेख पाहिला. साडेबारा ते एक, रेघ सरळ होती.

"बघा, गेलं!" मॅडम खूश होत्या.

"हो, गेलं." काका दारात घुटमळले. "तो कालचा कागद टाकणार असाल, तर मला द्याल?"