मागच्या रेषेवरचा ठसा

क्लबच्या फळ्यावर लिहिलं आहे की कौटुंबिक दुहेरीच्या अंतिम सामन्यात आमच्या अप्पांना जाधवमामांनी हरवलं. हे खरं नाही. अप्पांना मी हरवलं, आणि मी त्यांच्याच बाजूने खेळत होते.

इकडे कानडी मुलखात, चामराजपेटेतला आमचा टेनिस क्लब म्हणजे तांबड्या मातीची दोन कोर्टं, एक पत्र्याची शेड आणि कॉफीत साखर जास्त की कमी यावर भांडणारे सभासद. अप्पा तिथे लग्नाआधीपासून खेळतात आणि लग्नाआधीपासून हरतात. त्यांना हरवण्याचं काम मुख्यतः जाधवमामांकडे आहे. (मामा आमचे नात्याने कुणी नाहीत. समोरच्या घरात राहतात, एवढ्यावर आमच्यात माणूस मामा होतो.) मामांनी इतके कप जिंकलेत की एकात मामी बटणं ठेवतात आणि एकात कढीपत्त्याचं रोप लावलंय. अप्पा त्यांच्याकडे गेले की त्या रोपाकडे बघत बसतात.

यंदा डॉक्टरांनी अप्पांचा उजवा गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, "ऑपरेशन करू. नंतर टेनिस विसरा. कॅरम खेळा."

अप्पा घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "एक कप. एकच. मग कापा काय कापायचं ते!"

जोडीदार म्हणून घरात मीच होते. आईने रॅकेट आजवर फक्त पाल हाकलायला उचलली आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अप्पांचा छापखाना आहे, त्यामुळे मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. बाकीची मुलं 'कमळ, बदक' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. साहजिकच कुठे अन्याय दिसला की माझा हात कागदाकडे जातो. आणि क्लबमध्ये अन्याय रोज दिसत होता! आमच्याकडे पंच नसतो. चेंडू ज्यांच्या अर्ध्या भागात पडतो त्यांनीच 'आत' की 'बाहेर' ते सांगायचं. म्हणजे चोरालाच पोलीस नेमायचं! रेषेला स्पष्ट शिवलेले चेंडू लोक शांतपणे 'आऊट' म्हणून सोडून देत.

मी पत्रक काढलं. 'खेळाडूंनो, रेषेशी इमान राखा!' शंका असेल तर गुण प्रतिस्पर्ध्याला द्या. दोघा जोडीदारांत मतभेद झाला तरी गुण प्रतिस्पर्ध्याला. मातीवर चेंडूचा ठसा उमटतो, तो वाकून बघा. समोरच्याने दिलेल्या निर्णयावर वाद घालू नका. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीला टाळ्या वाजवू नका. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत छापून मी ते फाटकावर, पाण्याच्या फिल्टरवर आणि (अप्पांच्या हस्ते) पुरुषांच्या मोरीत लावलं. सेक्रेटरी मूर्तीसर वाचून गहिवरले. अप्पा मात्र म्हणाले, "सगळं सरी, बरोबर आहे गं. पण फायनल झाल्यावर लावलं असतं तर?"

फायनलमध्ये समोर अर्थातच जाधवमामा आणि त्यांचा मुलगा किरण. पहिल्याच गेममध्ये अप्पा ओरडले, "आऊट!"

मी म्हटलं, "आत होता, अप्पा."

"बाहेर होता!"

"मतभेद झाला. गुण त्यांचा."

मामांनी मान लववून गुण घेतला. असं पहिल्या सेटमध्ये बऱ्याचदा झालं आणि तो सेट आम्ही घालवला. बाजू बदलताना अप्पा हळूच म्हणाले, "तू कुणाची मुलगी आहेस?"

"सत्याची," मी म्हटलं. (खरंच म्हटलं. आता आठवलं की कान गरम होतात.)

दुसऱ्या सेटमध्ये मात्र अप्पांच्या अंगात काय संचारलं देव जाणे. गुडघ्याला पट्टा, कपाळाला रुमाल, आणि असे खेळले की शेडमधली कॉफी निवली तरी कुणी पिईना. तो सेट आम्ही जिंकला. अप्पा हसले. हरत नसताना ते कसे दिसतात हे मी पहिल्यांदाच बघत होते.

सेट संपला की खेळाडूंनी केरसुणी घेऊन रेषा झाडायच्या, म्हणजे जुने ठसे पुसले जातात, अशी आमच्याकडची पद्धत आहे. आम्ही ज्या बाजूला जाणार होतो तिथली मागची रेषा माझ्याकडे होती. मी केरसुणी उचलली, तेवढ्यात आठवलं: शेवटच्या गुणाला किरणने डबल फॉल्ट केला तेव्हा कुंपणाच्या जाळीमागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या. बघितलं, तर आई!

मी केरसुणी टाकून जाळीपाशी गेले. "आई, प्रतिस्पर्ध्याच्या चुकीला टाळ्या वाजवत नाहीत."

"मग कधी वाजवायच्या? तुम्ही चांगलं खेळाल त्याची वाट बघू?"

"आई, हा संस्कृतीचा प्रश्न आहे."

"बोलत बस. अप्पांना पाणी दिलंस का?"

संस्कृती समजावून होईपर्यंत मूर्तीसरांनी शिट्टी वाजवली. खेळ सुरू झाला. मागची रेषा तशीच राहिली.

तिसऱ्या सेटमध्ये अप्पा लंगडू लागले. मी म्हटलं, "थांबू या का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. आणि लंगडत, कण्हत, दोन वेळा तर बसल्या बसल्या चेंडू परतवत त्यांनी सामना अशा जागी आणला की मूर्तीसर खुर्चीवरून उठले. मॅच पॉइंट. आमचा!

मामांनी उंच चेंडू टाकला. तो माझ्या डोक्यावरून गेला, अप्पांच्या रॅकेटवरून गेला आणि मागच्या रेषेजवळ पडला.

"आऊट!" अप्पा ओरडले, आणि रॅकेट आकाशात. आई जाळीवर चढल्यासारखी. किरण नेटकडे चालतसुद्धा आला, हात पुढे करून.

आणि मी म्हटलं, "स्वल्प थांबा. ठसा बघते."

मी मागच्या रेषेपाशी गेले, वाकले. रेषेच्या बरोबर मधोमध, नाण्यासारखा गोल ठसा!

अप्पा लंगडत मागे आले. त्यांनी ठसा बघितला, मग मला बघितलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बाळा, मी बघितलाय चेंडू. बाहेर होता."

"ठसा रेषेवर आहे, अप्पा."

"एवढ्या वेळा तुझं ऐकलं. एकदा माझं ऐक."

पण मोरीतसुद्धा पत्रक लावलेल्या बाईला मागे कुठे फिरता येतं? मी हात वर केला आणि म्हटलं, "आत!"

त्यानंतरचे गुण अप्पा खेळले नाहीत, फक्त उभे राहिले. दहा मिनिटांत सामना संपला.

हात मिळवताना किरण हळूच म्हणाला, "अक्का, तो चेंडू चांगला वीतभर बाहेर होता हो."

"काय? मग ठसा?"

"तो मागच्या सेटमधला. मीच मारला होता तिथे. रेषा झाडली नव्हती ना कुणी."

माझ्या पायाखालची माती सरकली. "मग सांगितलं का नाही?"

उत्तर मामांनी दिलं. "समोरच्याच्या निर्णयावर वाद घालायचा नाही, असं फिल्टरवर लिहिलंय अम्मा." मग थोडे ओशाळून म्हणाले, "आणि खरं सांगू? स्वल्प हावही सुटली."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण बक्षीस समारंभात मामांना कप दिल्यावर मूर्तीसर माइकवर म्हणाले, "मॅच पॉइंटवर स्वतःविरुद्ध निर्णय! यासाठी कमिटीने आत्ताच एक खास खिलाडूवृत्तीचा कप ठरवला आहे. अप्पा आणि त्यांची मुलगी!"

कप ऑफिसातल्या कपाटातून काढलेला होता, पण होता चांगला मोठा. अप्पा खुर्चीला धरून उठले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि मी माइक हातात घेतला.

"माझा निर्णय चुकीचा होता," मी सांगितलं. "मी जुना ठसा बघितला. चुकीच्या निर्णयाचं बक्षीस घेणं तत्त्वात बसत नाही."

मागून अप्पांचा आवाज आला, "घे गं. मुकाट्याने घे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, अप्पा."

"गुडघ्याचा आहे! उभं राहवत नाही मला. घे तो कप, जाऊ घरी!"

पण टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि टाळ्यांत मला काही ऐकू येत नाही. मूर्तीसरांनी डोळे पुसले. "आयतु, ठरलं! मग समोरच्याच्या निर्णयावर चकार शब्द न काढणाऱ्या जाधवांनाच हा कप देऊ या!"

मामांनी दुसराही कप घेतला. घ्यायला हात दोन होतेच त्यांना.

आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने एकदा आरशातून बघितलं आणि आपण होऊन रेडिओ बंद केला. शेवटी घराजवळच्या वळणावर अप्पा म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरला विचारतो. गुडघा बदलून पुन्हा खेळतो."

"नक्की, अप्पा! मी आहे तुमच्याबरोबर."

"माझ्याबरोबर आई खेळेल. तू जाधवांच्या बाजूने खेळ."

"मी? त्यांच्या बाजूने?"

"कप आपल्या घरी यायचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही."

बोलणं न्याय्य होतं, म्हणून मी तत्त्वाला जागून त्याच संध्याकाळी समोरच्या घरी गेले आणि जोडीदार म्हणून घ्या असं मामांना सांगितलं. मामांनी घाईघाईने दोन्ही कप माझ्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "हवे तर हे घेऊन जा अम्मा, पण ते नको!"

मी अर्थातच कप घेतले नाहीत.