चिठ्ठीने वाटलेले रोगी

थोरलीनेच खटपट करून धाकटीला या रुग्णालयात आणलं, फिजिओथेरपीच्या खोलीत आपल्या शेजारची जागा मिळवून दिली, आणि आता बहिणीचं कौतुक ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला की बोंबलायचीही चोरी!

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस कधी चालू लागेल, याचा अंदाज बांधायला रुग्णालयाने एक संख्याशास्त्रज्ञ नेमला होता. सगळे त्याला आकडेबुवा म्हणत. धाकटीचे रोगी लवकर चालतात, असं त्याच्या हिशोबात निघालं. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. थोरलीचा त्या जागेवर कधीपासून डोळा होता, आणि आता जो तो धाकटीचं नाव घेऊ लागला.

थोरली तणतणत आकडेबुवाकडे गेली. "सगळी अवघड माणसं माझ्या गळ्यात मारायची आणि वर मलाच नापास करायचं?"

"खरंय मॅडम," तो म्हणाला. "कोण लवकर चालेल, एवढंच हा आकडा सांगतो. कुणामुळे, ते नाही सांगत. मोठे डॉक्टर अवघड पेशंट तुमच्याकडेच पाठवतात ना! चिठ्ठ्या टाकून वाटले, तरच खरं काय ते कळेल."

"मग टाका चिठ्ठ्या!"

वर्षभर रोगी चिठ्ठीने वाटले गेले. एक जाडजूड, चिडका मास्तर धाकटीच्या वाट्याला आला तेव्हा थोरलीला मनातून उकळ्या फुटल्या. पण तोही एक दिवस दांड्या धरून उभा राहिला. धाकटीने त्याच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवून आधार दिला होता, थोरलीने शिकवला होता अगदी तसाच. थोरली टॉवेलच्या घड्या घालत राहिली.

निकाल लागला. दोघींत काडीचा फरक नाही!

धाकटी येऊन गळ्यातच पडली. "ताई, मला वाटायचं, मी तुझ्या पासंगालाही पुरणार नाही गं!"

थोरली कशीबशी हसली. आजवर अवघड रोग्यांवर खापर फोडता येत होतं. आता तीही सोय गेली.

पुढच्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कामात दोघी सारख्याच. तेव्हा वयाने मोठी, ती प्रमुख."

थोरलीने वळून पाहिलं. धाकटीचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्यावर हेव्याचा मागमूसही नव्हता, आणि थोरलीला नेमका त्याचाच हेवा वाटला.