ओढून ठेवलेला हँडब्रेक

हॅस्केल म्हाताऱ्याची हिरवी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार ऑरिनने बफेलोतल्या आपल्या गॅरेजात अठरा वर्षं सांभाळली. म्हाताऱ्याच्या मागे ती आपल्यालाच मिळणार, हे तो धरूनच चालला होता. पण म्हातारा गेल्यावर त्याच्या बायकोने ती विकली शेजारच्या लाइलला. हा गडी नुकताच ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटातून आलेला, धड पाना धरता येत नाही. ऑरिनचा नुसता जळफळाट झाला.

ऑक्टोबरात लाइलने विचारलं होतं, "हिवाळाभर गाडी बंद राहील. काही काळजी घ्यायची का रे?"

बफेलोतलं शेंबडं पोरही सांगेल, की हिवाळ्यात बंद गाडीचा हँडब्रेक ओढायचा नसतो, चाकाला ठोकळा लावायचा. इथल्या ओलीने आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने सगळं गंजून चिकटतं. ऑरिनच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"झाकून ठेव, बास," तो म्हणाला.

एप्रिलात गाडी ओढून आणावी लागली. मागची दोन्ही चाकं जाम, हँडब्रेकची केबल गंजून गेलेली. ऑरिन तीन दिवस तिच्याखाली पडून होता. ठोकून ठोकून त्याने ब्रेकचे ड्रम सोडवले, नवी केबल घातली आणि काम संपल्यावरही अर्धा तास उगीच स्टिअरिंगमागे बसून राहिला.

"तू होतास म्हणून निभावलं," लाइल म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात काय करू?"

ऑरिनने सावकाश हात पुसले.

"यंदा केलंस तेच कर," तो म्हणाला. "एप्रिलात मी आहेच."