मुक्कामाची गाडी

राव सरांविषयी मी लिहावे, एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेला मी पहिलाच, आणि माझे लिहिणे आजवर उत्तरपत्रिकांपुरते. वाचकांनी सांभाळून घ्यावे, असे म्हणणार होतो. पण सरांना माफी मागत बोलणाऱ्या माणसांची चीड होती. "आधी चूक तरी कर," असे म्हणून ते समोरच्याला गप्प करायचे. म्हणून लिहितो.

सर चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका सल्लागार कंपनीत होते. खेड्यांतून तालुक्याला जाणाऱ्या बसचे मार्ग आणि वेळा आखणे हे त्यांचे काम. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिथे गेलो आणि पुढेही काही वर्षे तिथेच राहिलो. नवा माणूस आला की सर मान वर न करता विचारायचे, "तुझ्या गावातून पहिली गाडी किती वाजता?" माझ्या आधीचा मुलगा चेन्नईचाच होता. तो म्हणाला, "गाड्या काय सर, सारख्या असतात." सर म्हणाले, "म्हणजे तू अजून गाडीची वाट पाहिलेली नाहीस. जा, कॉफी पिऊन ये."

माझी पाळी आली. मी म्हणालो, "सहाला, सर. ती मुक्कामाची असते."

सरांनी मान वर केली. मग मराठीत विचारले, "मुक्काम म्हणजे रात्री तिथेच राहते?"

"हो. एसटी रात्री गावात येते. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपतात. सकाळी तीच गाडी परत जाते. मी तिनेच अकरावी-बारावी केली."

"ती नसती तर?"

"दहावीनंतर शेतावर गेलो असतो."

"बैस," सर म्हणाले. त्या ऑफिसात मला मिळालेली ती पहिली खुर्ची.

सर तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरची मराठी जुनी होती, आणि मध्येच तमिळ शब्द यायचे. माझे लातूरकडचे बोलणे त्यांना गमतीचे वाटे. "तुझ्यामागे कुणी लागलं आहे काय, तंबी? सावकाश बोल," असे म्हणायचे. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तिकडे कोणत्याही पोराला म्हणतात. पण मला ते ऐकून बरे वाटायचे. परमुलखात मला तेवढेच होते.

ऑफिसात त्यांच्या पाठीमागे त्यांना 'नाइट हॉल्ट' म्हणत. कारण प्रत्येक बैठकीत ते एकच सांगायचे: गाडी गावात झोपली पाहिजे. गाडी रात्री डेपोत राहिली तर सकाळी ती आधी रिकामी गावाकडे येते आणि मग माणसे घेऊन परत फिरते. तोवर तालुक्यातली शाळा भरलेली असते, दवाखान्यातली रांग वाढलेली असते, मजुरांचा मुकादम निघून गेलेला असतो. "अशी गाडी गावाला नसते, डेपोला असते," सर म्हणायचे. ऐकणारे घड्याळाकडे बघायचे.

ते स्वभावाने गोड नव्हते, हे सांगायला हवे. पांढऱ्याशुभ्र शर्टाला कडक इस्त्री, आणि जिभेलाही तशीच. टायपिस्टला रडवायचे. मला एकदा म्हणाले होते, "तू हुशार नाहीस. पण तुला आठवतं. तेवढ्यावर काम भागेल."

चेंगलपट्टूच्या पलीकडच्या एका गावासाठी आम्ही मार्ग आखत होतो. सर गावात गेले की पंचायत अध्यक्षांच्या चहाला न थांबता आधी ड्रायव्हरची झोपायची जागा बघायचे. त्या गावी ते शाळेच्या ओट्यावर, त्या इस्त्रीच्या शर्टानिशी, चक्क आडवे झाले. लोक हसू लागले. आठवीतली एक मुलगी पुढे आली. "सार, चटई आणू?"

"आण. आणि पाणी कुठे आहे ते दाखव. ड्रायव्हरला सकाळी आंघोळ लागेल."

ती वळ्ळी. नववीसाठी तालुक्याला जावे लागणार होते आणि वाटेत लांबवर सुरूचे बन होते. तिचा बाप हात बांधून म्हणाला, "गाडी आली तर पाठवतो, सार. चालत नाही पाठवणार. बनातून एकटी पोर कशी सोडू?" सर उठून बसले. पाठीला माती लागली होती. "घंटेच्या आधी पोचवणारी गाडी आणतो," म्हणाले. मी सरांना कुणाला शब्द देताना तेव्हाच पाहिले.

बैठकीत बस महामंडळाच्या साहेबांनी मुक्काम कापला. ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीची राखण, नसत्या कटकटी. "राव सार, गाडी देतोय ना? मग ती कुठे झोपते याची तुम्हाला का काळजी? तुम्हाला झोप येत नाही का?" सगळे हसले. आमच्या कंपनीचे मालकही हसले, कारण पुढचे कामही त्याच साहेबांकडून मिळायचे होते. सर म्हणाले, "उशिरा येणारी गाडी चालवू नका. रिकामी धावेल, आणि गावालाच गाडी नको होती असं तुम्ही लिहाल."

गाडी चालली. रिकामी धावली. आणि अहवालात अगदी तसेच लिहिले गेले: प्रवाशांची मागणी नाही. मालकांनी अहवाल सहीसाठी सरांपुढे ठेवला. सर म्हणाले, "मेलेल्याला भूक नव्हती असं मी लिहीत नाही." सही मालकांनीच केली. मार्ग बंद झाला. आम्ही सांगायला गेलो तेव्हा वळ्ळी विटा वाहत होती. तिने सरांना ओळखले आणि तोंड फिरवले.

त्यानंतर मालकांनी त्यांना दुसरे काम दिले. शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या स्टाफ-बस. अण्णा नगरातल्या कुठल्या कोपऱ्यावर कोण चढणार, एसी किती लागणार. पहिला थांबा जिथे, त्याच्या शेजारीच रात्री गाड्या ठेवायच्या, असे कंपनीनेच आधी सांगून टाकले. सर ते कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बघ तंबी. इथे भांडावंही लागलं नाही."

मला नोकरी लागली ती तशाच एका कंपनीत. सरांना सांगताना माझी जीभ अडखळली. रस्ते आणि गावे सोडून मी संगणकाकडे चाललो होतो. घरी दोन बहिणी होत्या, दुसरा इलाज नव्हता. सरांनी खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाले, "बरं जाहलं. खिडकीशी बैस. रस्ता दिसतो." त्यात शाबासकी होती की टोमणा, हे मला आजही कळलेले नाही. अण्णा नगराहून मी रोज त्यांनीच आखलेल्या बसने जायचो. गाडी कधी चुकली नाही, कधी उशिरा आली नाही. त्या सुखाचा मला राग यायचा.

सर पुढल्या वर्षी निवृत्त झाले आणि तंजावरला गेले. पावसाळा सरता सरता वारल्याचे कळले. मी पोचलो तेव्हा सगळे उरकले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या जुन्या ऑफिसातल्या सेल्वमचा फोन आला. तो अजून तिथेच ड्राफ्ट्समन होता आणि मला 'मराठी' म्हणूनच हाक मारायचा. म्हणाला, "मराठी, एक सांगायचंय. वळ्ळीच्या गावात गाडी लागली. रात्री तिथेच राहते. शाळेच्या ओट्यावर ड्रायव्हर झोपतो."

सर असायला हवे होते, एवढेच मनात आले. मी विचारले, "कुणी केलं हे?"

"हायवेवर मोबाईलचा कारखाना आलाय ना, त्यांनी. मुली लागतात त्यांना, सकाळच्या पाळीला. काम आपल्याच ऑफिसला मिळालं. मालकांनी सारांचा जुना नकाशा काढून दिला, वेळाही त्याच ठेवल्या."

"आणि वळ्ळी?"

"पहिली तीच चढते. मी परवा गेलो होतो त्या गाडीने." सेल्वम म्हणाला. "तालुक्याच्या शाळेवरूनच जाते, मराठी. पण तिथे थांबा नाही."