पहिल्या नंबरला काय भरायचं? कशेळे ते खालापूर, स्कूटरवरून

पनवेलला घरी पोहे ढवळत होते, तेवढ्यात बहिणीच्या नवऱ्याचा फोन. "ताई, उद्या पाचला फॉर्म बंद व्हतोय. अमूचं काय ठरंना. तुमी सगळीकडं फिरता, जरा दाखवून आणा तिला."

अमू म्हणजे भाची अमृता. बारावी झाली, सिव्हिल इंजिनिअर व्हायचंय, धरणं बांधायची आहेत. फॉर्ममध्ये पहिल्या नंबरला भरलेलं कॉलेज मिळालं की तेच घ्यावं लागतं, मागे फिरता येत नाही. भाऊजींचं मात्र ठरलेलं. "खालापूरकडचं ते मोठं कॉलेजच भरा. नोकरी लागली की गेटवर फ्लेक्स लावतात. माझ्या पोरीचा फोटो दिसला पायजे त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी बहिणीकडे कशेळ्यात हजर. भाताच्या लावण्या उरकलेल्या, शेतांवर पातळ धुकं, स्कूटरवर मागे अमू. रस्ता बरा आहे, फक्त वळणांवर शेअर जीपवाल्यांना आधी जाऊ द्यावं. कर्जतला स्टेशनाबाहेर मिसळ खाल्ली. झणझणीत! पाव मात्र कालचे.

कर्जतच्या बाहेरचं कॉलेज एकमजली, रंग उडालेला. चहा पाणचट. मी मनात लगेच फुली मारली. मागच्या ओढ्यात मुलं मोजपट्टीची काठी घेऊन पाण्याची खोली मोजत होती आणि रुबीना नावाच्या तरुण मॅडम गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "अरे, काठी सरळ धर, वाकडी नको!" मी हाक मारली, "अमू, चल गं, उशीर होतोय." ती काठावरून हलेना.

पळसदरीच्या धरणापाशी पुन्हा तेच. पाण्यात ढग उतरलेले, पलीकडे डोंगर अर्धे पुसलेले. भिंतीकडे बघत बाईसाहेब हरवून गेल्या. मीही शेजारी बसले. किती वेळ गेला, कुणास ठाऊक.

खोपोलीवरून खालापूर गाठलं आणि काय सांगू, मलाच ॲडमिशन घ्यावीशी वाटली! काचेची इमारत, पायऱ्यांवर गिटार वाजवणारी पोरं, खिडकीतून डोंगर दिसणारी लायब्ररी. चहासुद्धा आल्याचा. हॉस्टेलच्या मुली सांगत होत्या, "काकू, इथून घरी जावंसंच वाटत नाही." मी अमूला म्हटलं, "भर इथलंच, आणि मोकळी हो."

गेटवर भला मोठा फ्लेक्स होता. नोकरी लागलेल्यांचे हसरे चेहरे, रांगेत. अमूनं माझा हात घट्ट धरला. "मावशी, ही बघ. सकाळच्या मॅडम!"

खरंच की! ओढणी नीट, केस विंचरलेले, पण रुबीनाच. खाली नाव आणि कंपनी. आम्हाला कॅम्पस दाखवणाऱ्या मुलाला विचारलं, "ही आता कुठे असते?"

"पुण्याला, त्याच कंपनीत." बिचाऱ्याला जेवढं ठाऊक, तेवढं त्यानं सांगितलं.

अडीच वाजले होते. "परत कर्जत," अमू म्हणाली. दिवसभरातलं तिचं पहिलं ठाम वाक्य. वाटेत एकदा पावसाने आडोशाला थांबवलं, कॉलेजात पोचायला सव्वाचार झाले.

रुबीना अजून ओढ्यातच, दुसऱ्या वर्गाला घेऊन. फ्लेक्सचं ऐकून खळखळून हसल्या. "अजून आहे का तो? ओढणी अम्मीची होती! नोकरी खोटी नव्हती हां. आठ महिने केली. एसीत बसून कॉम्प्युटरवर नद्या काढायचे. एकदा साईटवर पाठवलं, तर पाण्यात पाय टाकायला घाबरले. लाज वाटली गं."

"म्हणजे ते कॉलेज वाईट?" अमूनं विचारलं.

"नाय गं! माझ्या जिवाच्या मैत्रिणी तिथल्या. लायब्ररी अजून स्वप्नात येते. इथं तेवढी पुस्तकं नाहीत. गेल्या वर्षीची दोन मुलं अजून नोकरी शोधतायत, रोज फोन करतात मला. हे पण ध्यानात घे." मग त्यांनी काठी पुढे केली. "उतरतेस का?"

अमूनं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरली. पहिल्याच पावलाला धडपडली, सावरली, काठी रोवली आणि इतकी हसली, की मी पटकन फोटो काढला. मग घड्याळ बघितलं. "अगं बाई, पावणेपाच!" तिनं फोनसाठी हात पुढे केला आणि पाण्यात उभ्या उभ्याच फॉर्म भरला. पहिल्या नंबरला कर्जत.

घरी भाऊजींनी ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि खाली मान घालून जेवले. माणसाचं एकच स्वप्न होतं, आणि ते मोडायला मीच स्कूटर घेऊन गेले होते. फोटो तेवढा त्यांना पाठवला आणि निघाले.

ॲडमिशन झाल्यावर पेढे घेऊन पुन्हा कशेळ्याला गेले. प्रवासाचं विचाराल, तर एक दिवस पुरतो. दोन टॉवेल आणि जास्तीची चप्पल न्या. कॉलेज बघायला जाणार असाल, तर चहावर जाऊ नका, मी गेले होते.

आणि कशेळ्याच्या नाक्यावर जरा थांबा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या गर्दीत एक फ्लेक्स आहे, भाऊजींनी स्वतः शिडीवर चढून बांधलेला. 'प्रवेश मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली आमची अमू, गुडघाभर पाण्यात, केस विस्कटलेले, हातातली काठी अगदी सरळ.