दमयंती आत्याची शिफारस

पालघरच्या एका कॉलेजात मी नीतिशास्त्र शिकवतो. एक खोटं बोलून पाच जीव वाचत असतील तर बोलावं का, असले प्रश्न मुलांना घालतो. मी जिच्याकडे राहतो त्या, बोईसरच्या बाजारात मासळी विकणाऱ्या दमयंती आत्याला एकदा हाच प्रश्न घातला.

"बोलनारा कोन? मानूस कसा हाय तो?" तिने उलट विचारलं. माणूस न बघता उत्तर देणं म्हणजे मासा न बघता भाव करणं, असं तिचं मत. मी पुस्तक मिटलं.

पापलेट कालचं असेल, तर गिऱ्हाइकाने कल्ला उघडायच्या आत ती सांगते, "बर्फातलं हाय ताई. कालवनाला नको, तळून खा." शेजारणी कपाळाला हात लावतात. हा काही तिचा नियम नाही. पस्तीस वर्षांत जिभेला दुसरं वळणच उरलेलं नाही.

ते वळण माझ्या मुळावर आलं. केळव्याची रिद्धी मला मनापासून आवडली होती, आणि आमच्यात मुलाची चौकशी मासळीबाजारात होते. रिद्धी आणि तिचे आईवडील येणार कळताच मी आधी आत्याकडे धावलो.

"आत्ये, फक्त चांगला हाय म्हण."

"बरं."

रिद्धीच्या आईने विचारलं, "मुलगा कसा?"

"चांगला हाय." माझा जीव भांड्यात पडला. पण आत्या थांबेना. "सकाळी उठत नाय. चूक कबूल करायला दोन दिस लावतो. चहा करतो, तो पन पांचट."

मी डोळे वटारले.

"वटारतोस काय? पन माझे पाय सुजले, तवा तीन महिने माझी टोपली यानेच डोक्यावर आनली. वाटेत कॉलेजची पोरं भेटायची. लाजायचा लय. पन टोपली खाली नाय ठेवली."

मला रडूच आलं. भर बाजारात, बोंबलांसमोर.

"कळवतो," रिद्धीचे वडील म्हणाले. म्हणजे नकारच. दोघं निघालेही. रिद्धी मात्र जागची हलली नाही.

"कळवायचं काय? माझा होकार आहे."

मी डोळे पुसून छाती फुगवली.

"तुमच्याकडे बघून नाही हं," ती मला म्हणाली. "आमच्या घरात सगळे माझं कौतुकच करतात. इतकं खरं सांगून वर इतकी माया करणारं कुणी नाही. मला आत्यांजवळ राहायचंय."