गोट्याचा उपास

विश्वजीतचा फोन आला तेव्हा हरणाबाई चपात्या लाटत होत्या. मिरज रोडला खडीवरून त्याची गाडी घसरली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. संध्याकाळी मऊ भात घेऊन दवाखान्यात जायचं त्यांनी ठरवलंच होतं. पण पोरगा स्वतःबद्दल काही बोलेचना.

"मावशी, रागावू नका. माज्या खोलीत एक जीव हाय. त्याचं पाणी संपलं आसंल."

हरणाबाईंचं लाटणं थांबलं. विश्वजीत लोणंदचा. कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला होता आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होता. खाली मान घालून जाणारा, खाली मान घालून येणारा.

"कुनाची पोरगी आनून ठिवलीस रं?"

"पोरगी न्हाई, मावशी. अजगर हाय."

हरणाबाईंनी गॅस बंद केला आणि खालीच बसकण मारली.

खोली उघडायला त्यांना दुपार उजाडली. कोपऱ्यात काचेची पेटी होती, झाकणाला कडी होती. आत नारळाचा भुसा, पाण्याचं भांडं आणि एक उपडी घातलेली फुटकी कुंडी. त्या कुंडीच्या तोंडाशी तपकिरी-काळ्या नक्षीचा एक गोळा पडलेला, जुन्या साडीची चुंबळ करावी तसा. फोनवर विश्वजीत समजावत होता. हा आपल्या रानातला नव्हे, आपल्याकडचा अजगर पाळला तर तुरुंगाची हवा खावी लागते. हा आफ्रिकेकडच्या जातीचा, विषारी नाही, फार मोठा होत नाही, सरकारदरबारी याची रीतसर नोंद आहे. भ्याला की डोकं आत घेऊन गोटीसारखा गोल होतो, म्हणून नाव गोट्या.

"मीबी भ्यालीय, त्योबी भ्यालाय," हरणाबाई म्हणाल्या. "आता फुडं काय करायचं, ते सांग."

हरणाबाईंचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या पोटावर लक्ष ठेवण्यात गेलं होतं. मालक फौंड्रीत होते. ते गेल्यावर त्यांनी डबे सुरू केले. कोणाला भाकरी लागते, कोणाला वांगं चालत नाही, कोणाचा डबा अर्धा परत आला म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय, हे त्यांना बिनचूक कळायचं. मागं त्यांना टायफॉइड झाला तेव्हा विश्वजीतनं रजा काढून सगळे डबे पोचवले होते. त्यामुळं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण रोज दोन वेळा माणसं जेवू घालणाऱ्या बाईला पंधरा-पंधरा दिवसांनी एकदाच खाणारा हा पाहुणा काही केल्या उमगत नव्हता.

गोट्याचं खाणं विश्वजीतच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये होतं. पुण्याहून मागवलेले, गोठवलेले उंदीर. ते पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचे, पार आतपर्यंत वितळून ऊब आली की लांब चिमट्यानं धरून गोट्यापुढं हलवायचे. पहिल्या वेळी हरणाबाईंनी तोंडाला पदर बांधला आणि डोळे मिटून चिमटा पुढं केला. एक हिसका बसला. डोळे उघडले तर गोट्यानं वेटोळं घालून घास आवळला होता. मग त्यानं सावकाश जबडा सैल केला आणि तो घास इंच इंच आत ओढू लागला. हरणाबाई बघत राहिल्या. तोंडावरचा पदर कधी सुटला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"आता त्याला दोन-तीन दिस हात लावू नका," विश्वजीत फोनवरून म्हणाला. "पेटीच्या खालची लाईटवरची गादी गरम ऱ्हायली पायजे. अंगात ऊब आसंल तरच त्याचं पोट चालतं. गार पडला तर खाल्लेलं आतच कुजतं."

आठवड्याभरानं गोट्यानं घाण केली. काळसर गोळी आणि खडूसारखा पांढरा तुकडा. विश्वजीतनं फोटो मागवला आणि समाधानानं म्हणाला, "झ्याक पचलंय." हरणाबाईंनी भुसा बदलला, भांडं घासलं, हात साबणानं दोनदा धुतले आणि मग स्वयंपाकाला लागल्या.

थंडीत मात्र घात झाला. गोट्याला खायला घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीसाठी सकाळपासून लाईट गेली. गादी गार पडली. जीव काकडेल म्हणून हरणाबाईंनी त्याला उचलून जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं गोट्याच्या अंगातून एक लाट गेली आणि त्यानं खाल्लेलं सगळं बाहेर टाकलं. वासानं खोलीत उभं राहवेना. हरणाबाईंना वासाचं काही वाटलं नाही. आपल्या हातानं झालं, एवढंच त्यांना दिसत होतं.

विश्वजीतनं सांगितलेल्या सांगलीच्या जनावरांच्या डॉक्टरकडं त्या गोट्याला कापडी पिशवीत घालून, पिशवी टोपलीत ठेवून रिक्षानं घेऊन गेल्या. डॉक्टर संयोगिता तरुण होत्या. त्यांनी गोट्याचं तोंड उघडून पाहिलं, पोटावरून बोट फिरवलं.

"भरल्या पोटी उचललं आणि वर गारठा, त्यानं उलटी झाली. आता दोन आठवडे काही द्यायचं नाही. ऊब आणि पाणी, बास. नंतर अगदी लहान उंदीर द्या."

दोन आठवडे सरले. लहान उंदीर दिला, गोट्यानं तोंड फिरवलं. पुन्हा दिला, तो कुंडीत जाऊन बसला. जानेवारी असाच गेला. हरणाबाई पुन्हा डॉक्टरकडं गेल्या. गोट्याला काट्यावर ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "वजन फारसं घटलेलं नाही. पाणी पितोय. थंडीत ही जात महिनोन्महिने खात नाही, मावशी. मागं लागू नका. रोज समोर धरलं तर आणखी बिथरेल."

हरणाबाई पिशवीच्या नाडीशी चाळा करत राहिल्या. "मालकांनीबी शेवटी असंच खायचं सोडलं हुतं. मी चमचा घिऊन मागं लागायची."

डॉक्टरांनी गोट्याला काट्यावरून उचलून पिशवीत ठेवलं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "त्यांना आजार होता. याला नाही. याला फक्त वेळ पाहिजे."

तोवर बातमी एमआयडीसीत पसरली होती. लेथवर काम करणारा ज्योतिबा हरणाबाईंचा सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तो डबा परत द्यायला आला आणि दारातच घुटमळला.

"मावशी, पोरं म्हणत्यात सापाच्या घरचं जेवान नको. लय जनांनी दुसरीकडं लावलाय डबा."

"खोली येगळी, भांडी येगळी. हात धुती मी."

"मला म्हाईत हाय. पन त्यांच्या मनातनं जाईना."

ही गोष्ट विश्वजीतच्या कानावर गेली. आता तो लोणंदला आईवडिलांकडं पडून होता. त्याचा फोन आला. "मावशी, माज्यापायी तुमचं डबं बंद पडायला लागलं. कोल्हापूरचा एकजन घ्यायला तयार हाय. रीतसर नावावर करून दिऊया."

"खाऊ दे आदी," हरणाबाई म्हणाल्या. "उपाशी जीव दुसऱ्याच्या दारात न्हाई लोटायची मी. खाल्ल्यावर बघू."

फोन ठेवल्यावर त्यांनी निम्मीच कणीक मळली. एवढ्या लवकर ओटा रिकामा व्हायची त्यांना सवय नव्हती. मग त्या माडीवर जाऊन बसायच्या. पेटीवर अर्धंच फडकं टाकलेलं असायचं, त्या पलीकडं मेथी निवडायच्या. मधूनच गोट्या कुंडीतून बाहेर यायचा, जीभ लपलपवत कडेकडेनं फिरायचा, पाणी प्यायचा. हरणाबाई जागच्या हलायच्या नाहीत. खायला घालणं म्हणजेच काळजी घेणं, असं त्या जन्मभर समजत आल्या होत्या. नुसतं बसून राहणं त्यांना फार जड गेलं.

होळीच्या सुमाराला गोट्याचे डोळे निळसर, दुधाळ झाले. हरणाबाई घाबरल्या, पण डॉक्टर फोनवर म्हणाल्या की कात टाकायला आलाय, पाण्याचं भांडं मोठं ठेवा. काही दिवसांनी सकाळी पेटीत अख्खी कात पडलेली होती, मोजा काढून टाकावा तशी उलटी, आणि गोट्या नव्या कापडासारखा चमकत होता. त्या आठवड्यात हरणाबाईंनी लहानसा उंदीर गरम केला, चिमट्यानं धरला आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. गोट्या मान उचलून बराच वेळ थांबला. मग हिसका बसला.

त्यांनी कोणालाच कळवलं नाही. मागच्यासारखं परत बाहेर पडलं तर? लाईट गेली तर गादीला पाठीशी असावी म्हणून एक जुनी बॅटरी त्यांनी ज्योतिबाकडून आधीच जोडून घेतली होती. दिवसातून कितीदा तरी त्या लांबूनच डोकावून यायच्या. शेवटी एका दुपारी ज्योतिबा डबा घ्यायला आला तर हरणाबाई जिन्यातच हसत उभ्या.

"काय झालं, मावशी?"

"हागला," हरणाबाई म्हणाल्या. "चांगली घट्ट हाय. पचलं त्याला."

ज्योतिबानं हातातला रिकामा डबा पायरीवर ठेवला. मग त्यालाही हसू फुटलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा माडीवर गेला आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आला. काहींचे डबे पुन्हा सुरू झाले. काही परत आलेच नाहीत, आणि हरणाबाईंनी त्यांना विचारलंही नाही.

विश्वजीत सामान न्यायला आला तो काठी टेकत. उभं राहून मशीनवर काम आता जमणार नव्हतं. लोणंदच्या एका कारखान्यात त्याला बसून माल तपासायचं काम मिळालं होतं. गोट्याला कोल्हापूरला द्यायची गोष्ट दोघांनीही काढली नाही. हरणाबाईंनी पेटी पुसून दिली, कुंडी कागदात गुंडाळली आणि प्रवासाच्या आधी त्याला काही खायला घातलेलं नाही, हे दोनदा सांगितलं. विश्वजीत आणि गोट्याला घेऊन गाडी गेल्यावर त्या वर गेल्या, खोली झाडली, आणि झाडू हातात घेऊन बराच वेळ रिकाम्या कोपऱ्याकडं बघत बसल्या.

मे महिन्यात त्या रेल्वेनं लोणंदला गेल्या. विश्वजीत कामावर होता. त्याची आई, बाळाबाई, गोट्याची पेटी ठेवलेल्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर थबकून उभी होती. लेक घरी नसला की पाण्याचं भांडं तसंच राहायचं, हे तिनं चहा देतानाच कबूल केलं होतं.

"आवं, त्यो काय करत न्हाई तुमाला," हरणाबाई म्हणाल्या. त्यांनी कडी काढली, भांडं उचललं, विसळून आणलं आणि तिच्या हातात दिलं. "भरा. मी हितंच हाय."

बाळाबाईनं भांडं भरलं. पाणी थोडं सांडलं. तरी ती एक पाऊल आत आली.